नाडी मोजायची, मगच गोळी



आज एका गोळीविषयी बोलायचं आहे. गोळी एवढीशी, की हातातून निसटली तर सारवलेल्या जमिनीवर शोधत बसावं लागतं. तिचं नाव डिगॉक्सिन. कुणी डिजॉक्सिन म्हणतं. पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं असतं, लॅनॉक्सिन किंवा आणखी काही, पण डिगॉक्सिन हा शब्द पाकिटावर कुठेतरी छापलेला असतोच. हृदयाचे ठोके अनियमित आणि फार जलद पडतात, चार पावलं चाललं की धाप लागते, संध्याकाळी पायावर सूज येते, अशा माणसांपैकी काहींना डॉक्टर ही गोळी देतात. तुमच्यापैकी कुणाच्या सासूबाई घेत असतील, कुणाचे वडील, कुणी स्वतः घेत असाल.

ही गोळी वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे, फार महागही नाही. पण तिचं उपयोगाचं प्रमाण आणि अपायाचं प्रमाण यांच्यात अंतर फार थोडं आहे. आणि गोळी अंगात जास्त झाली की पहिली खूण पुष्कळदा छातीत दिसत नाही, ताटात दिसते. माणसाची अन्नावरची वासना उडते.

आता आपल्या घरांत काय होतं ते बघा. आजी जेवण कमी करतात. आधी अर्धी भाकरी, मग चतकोर, मग ‘नुसतं ताक दे गं’. मळमळतं म्हणतात. घरातले म्हणतात, वय झालं, तोंडाला चव राहिली नाही. कुणी म्हणतं पित्त असेल, सोडा पाजा. आणि हृदयाची गोळी मात्र सूनबाई न चुकता हातावर ठेवते, कारण ‘बाकी काही चुकलं तरी ही चुकवायची नाही’ असं तिला बजावलेलं असतं. असे आठ दिवस जातात. मग आजी उठताना तोल जाऊन पडतात, नाहीतर काहीबाही बोलायला लागतात, तेव्हा कुठे दवाखाना गाठला जातो. यात सुनेचा दोष काय? तिने सेवा केलीच होती. ही गोळी घेणाऱ्या माणसाचं जेवण तुटलं तर आधी गोळीकडे बघायचं, एवढं फक्त तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गोळी अंगात काय करते ते थोडं समजून घेऊ. हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर, दोन खाली. वरचे कप्पे आकसले की रक्त खाली येतं, खालचे आकसले की ते अंगभर जातं. बसल्या जागी मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० पडतात आणि एका चालीत पडतात. काही माणसांच्या वरच्या कप्प्यांची ही चाल बिघडते. ते नीट आकसत नाहीत, नुसते थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांना सारखे इशारे पाठवतात. खालचे कप्पे मग धावत सुटतात, १२०, १४०, कधी त्याहून जास्त, आणि तेही वेडेवाकडे. विहिरीत पाणी भरण्याआधीच मोटर चालू केली तर ती नुसती हवा ओढते ना, तसं होतं. कप्पा रक्ताने भरायच्या आतच पुढचा ठोका पडतो. मोटर चालते, पण पाणी पाटाला पोचत नाही.

आपल्याकडे बायकांमध्ये याचं एक मोठं कारण लहानपणीच्या आजारात असतं. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात घसा सुजतो, त्यामागोमाग सांधे दुखून ताप येतो. तो ताप जातो, पण जाताना हृदयाच्या झडपा खराब करून जातो. मुलगी मोठी होते, लग्न होतं, आणि बाळंतपणात किंवा तिशी-पस्तिशीत धाप लागायला लागते, तेव्हा कळतं. वाढलेलं ब्लडप्रेशर, थायरॉइडचा आजार, म्हातारपण, ही बाकीची कारणं.

वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्या मध्ये इशारे थांबवणारं एक नाकं असतं. डिगॉक्सिन त्या नाक्यावरचा पहारा कडक करते. वरून शंभर इशारे आले तरी थोडेच खाली सोडले जातात. ठोके कमी होतात, कप्पा भरायला वेळ मिळतो, शिवाय प्रत्येक ठोक्याचा जोर थोडा वाढतो. वरची थरथर मात्र ही गोळी थांबवत नाही. म्हणून ‘गोळी चालू आहे तरी नाडी वाकडीच लागते, मग उपयोग काय?’ असं म्हणून ती सोडू नका. तिचं काम नाडी सरळ करणं नाही, नाडीचा वेग आवरणं आहे.

ही गोळी मुळात झाडपाल्यातून आली, आणि तिच्या गोष्टीत एक बाई आहे. १७७५ साली इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला कुणीतरी एका घरगुती औषधाबद्दल विचारलं. श्रॉपशर भागातली एक म्हातारी अंगावरच्या सुजेला हे औषध देई आणि ते गुपित राखून होती. त्यात वीसेक पाले होते. विदरिंगने ओळखलं, की गुण येतो तो त्यातल्या एकाच झाडाने. घंटेसारखी जांभळी फुलं येणारं ते झाड, डिजिटालिस. पुढे दहा वर्षं त्याने आपल्या रोग्यांवर लक्ष ठेवून नोंदी केल्या आणि १७८५ साली पुस्तक काढलं. म्हातारीचं नाव काही त्याने लिहून ठेवलं नाही, ते एक असो. पण त्याने लिहिलेली एक गोष्ट आजही तशीच लागू आहे. औषध जास्त झालं की उलट्या होतात, जुलाब होतात, नाडी संथ होते, नजरेला सगळं पिवळं-हिरवं दिसायला लागतं. पोट किंवा नाडी बोलायला लागली की औषध थांबवायचं, असा त्याचा नियम होता. आता ही गोळी त्याच जातीच्या दुसऱ्या एका झाडापासून काढतात आणि प्रत्येक गोळीत औषध नेमकं मोजून घालतात. खुणा मात्र त्याच आहेत.

झाडावरून आठवलं. आपल्या दारची कण्हेर, आणि पिवळ्या फुलांची बिट्टी, यांच्यातलं विष हृदयावर याच तऱ्हेने काम करतं. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी कण्हेरीचं मूळ, पान, बी कशावरही उपाय म्हणून पोटात घ्यायचं नाही. डिगॉक्सिन घेणाऱ्याने तर नाहीच. आणि पोरं बिट्टीच्या बियांनी खेळतात, तेव्हा लक्ष असू द्या.

आता प्रमाणाचं. तापाची साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. डिगॉक्सिनची गोळी बहुतेक ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे औषधाच्या वजनाने तिच्या दोन हजाराव्या भागाएवढी. यात अर्धी की पाऊण, याने फरक पडतो. डॉक्टरांनी अर्धी लिहिली असेल तर नखाने तोडू नका, एक तुकडा मोठा आणि एक लहान होतो. मेडिकलमध्ये गोळी कापायची लहान डबी मिळते, ती घ्या.

आपल्याकडे बरेच डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाच दिवस देतात आणि दोन दिवस सुट्टी ठेवतात, बहुधा शनिवार-रविवार. काही डॉक्टर कमी प्रमाणात रोज देतात. दोन्ही रीती चालतात, पण ज्याची त्याने पाळायची. शेजारच्या काकूंना रविवारी सुट्टी आहे म्हणून आपणही घ्यायची नाही, असं करू नका. आणि सुट्टी विसरून सातही दिवस गोळी दिली तर दोन गोळ्या जास्त झाल्या, त्या अंगात साठतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी टिकली लावा आणि गोळी दिली की त्या टिकलीवर पेनाने फुली मारा. म्हणजे सासूबाईंनी सकाळी स्वतः घेतली आणि तुम्ही दुपारी पुन्हा दिली, असं व्हायचं नाही. दोन सुना असलेल्या घरात तर हे हवंच.

साठतात असं मी का म्हणते? ही गोळी मुख्यतः लघवीवाटे बाहेर जाते. मूत्रपिंडं चांगली असली तरी अंगातलं औषध निम्मं व्हायला दीड-दोन दिवस लागतात. मूत्रपिंडं थकलेली असली तर आणखी किती तरी जास्त. वय वाढलं की मूत्रपिंडं थकतातच. म्हणून पाच वर्षांपूर्वी मानवलेली गोळी आज त्याच माणसाला जास्त होऊ शकते. डॉक्टर वर्षातून एकदोनदा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात ते याचसाठी. ‘गोळी तीच चालू आहे, मग तपासणीला पैसे कशाला’ असं वाटतं, पण गोळी तीच असली तरी माणूस तोच राहिलेला नसतो.

आणि आता नाडी. नाडी बघणं हे वैद्याचं काम, असं आपण समजतो. वैद्य तिच्यात पुष्कळ काही बघत असतील, आपल्याला फक्त मोजायची आहे. रोज गोळी द्यायच्या आधी. माणसाला दहा मिनिटं शांत बसवा. चहा, चालणं, नातवाशी भांडण, सगळं त्याआधी उरकू द्या. तळहात वर करून मनगट आपल्या हातात घ्या. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या घडीपासून बोटभर खाली, आपली मधली दोन बोटं हलकेच टेकवा. अंगठा टेकवायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणी फसते. जोरात दाबलं तर नाडी हरवते. सापडली की मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पुरं मिनिटभर मोजा. दवाखान्यात पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात ते तुम्ही बघितलं असेल. नाडी सरळ असेल तर ते चालतं. इथे नाडी कधी भरभर तर कधी अडखळत लागते, म्हणून पुरं मिनिटच. ब्लडप्रेशरच्या मशीनवर ठोक्यांचा आकडा येतो, पण ठोके अनियमित असले तर तो चुकू शकतो. एखादा ठोका इतका हलका असतो की मनगटापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे सिस्टर नळी लावून छातीवर मोजतात तेव्हा आकडा थोडा जास्त येईल. त्याने घाबरू नका.

आकडा वहीत लिहा, तारखेसह. मोठ्या माणसाची नाडी ६० च्या खाली आली तर त्या वेळची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. तुमच्या माणसासाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धरा. लहान मुलांची नाडी मुळातच जलद असते, त्यांचा आकडा वेगळा असतो, तो डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. नाडी बसल्या जागी १०० च्या वर राहत असेल तरी कळवा. मनाने गोळी वाढवायची नाही. आणखी एक. इतके महिने वेडीवाकडी लागणारी नाडी एकाएकी संथ आणि घड्याळासारखी एकसारखी लागायला लागली, तर ‘बरं झालं, सुधारली’ म्हणून गप्प बसू नका. कधी कधी ती सुधारणा नसते, गोळी जास्त झाल्याची खूण असते. ईसीजी काढल्याशिवाय ते कळत नाही.

हे मोजणं बचतगटाच्या बैठकीत शिकण्यासारखं आहे. हप्त्याचे पैसे मोजून झाले की दोघी-दोघींनी एकमेकींचं मनगट धरायचं. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना एकदा बोलवा. पहिल्यांदा कुणालाच नाडी सापडत नाही आणि सगळ्या हसतात. तिसऱ्या वेळी सगळ्यांना सापडते.

ही गोळी एकटी राहत नाही, हीही तिची अडचण आहे. तिच्याबरोबर बहुतेकांना लघवीची गोळी असते, सूज उतरवायला. ती गोळी अंगातलं पाणी काढते, पण त्याबरोबर पोटॅशियम नावाचा क्षारही काढते. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनचं तेवढंच प्रमाण हृदयाला विषासारखं लागतं. मग कुणी म्हणेल, केळी खा, नारळपाणी प्या. त्यांत पोटॅशियम असतं हे खरं. पण मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला ते जास्त झालं तरी धोकाच. म्हणून किती खायचं ते रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांना ठरवू द्या. खोकल्याला किंवा पित्ताला ज्येष्ठमधाची पूड रोज चाटायची सवय काहींना असते. ज्येष्ठमध रोज घेतलं तर तेही पोटॅशियम कमी करतं. डिगॉक्सिन चालू असेल तर ते बंद ठेवा.

दुसऱ्या आजाराची औषधं सुरू होतात तेव्हाही जपायचं. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. त्यांनी डिगॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. खोकल्या-तापातल्या क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन या गोळ्यांनीही वाढतं. हृदयाच्याच अमिओडॅरोन आणि व्हेरापामिल या गोळ्यांनी वाढतं, पण त्या देताना हृदयाचे डॉक्टर डिगॉक्सिन कमी करतात. अडचण होते ती दुसऱ्याच डॉक्टरकडे गेल्यावर, आणि हृदयाची गोळी चालू आहे हे सांगायचं राहून गेल्यावर. खुरपणी-काढणीच्या दिवसांत अंगदुखीच्या गोळ्या बायका भुईमुगाच्या शेंगांसारख्या खातात. त्या मूत्रपिंडांना त्रास देतात, आणि मूत्रपिंडं अडली की डिगॉक्सिन साठलीच. उलट पित्ताचं पातळ औषध आणि इसबगोल यांमुळे डिगॉक्सिन अंगात नीट शोषली जात नाही, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात दोन तासांचं तरी अंतर ठेवा. पित्तावरची डायजीन आणि ही डिजॉक्सिन, नावं कानाला किती जवळची आहेत बघा. पोराला तोंडी नाव सांगून मेडिकलमध्ये पिटाळू नका. चिठ्ठी द्या, जुनं पाकीट द्या, आणि घरी आल्यावर दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून नाव आणि ०.२५ हा आकडा ताडून बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातीला वाचायला सांगा.

जुलाब-उलट्यांचा दिवस हा या गोळीचा सगळ्यात वाईट दिवस. अंगातलं पाणी जातं, पोटॅशियम जातं, लघवी कमी होते, आणि गोळी आतच राहते. तसंच निर्जळी उपवासाचं, तसंच मे महिन्याच्या उन्हात पाणी न पिता राबण्याचं. असा दिवस आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या दिवशीची डिगॉक्सिन आणि लघवीची गोळी, दोन्ही देऊ नका. फोन लवकर करा. उपवास करायचाच असेल तर आधी विचारा. देवाला फराळाचं चालतं, हे आपल्याला माहीत आहेच.

एखाद्या दिवशी गोळी विसरली तर? ठरलेल्या वेळेपासून बारा तासांच्या आत आठवली तर घ्या. त्यानंतर आठवली तर त्या दिवशीची सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने कायमची बंदही करायची नाही, ठोके पुन्हा धावतात आणि धाप परत येते. ज्यांना हिच्याबरोबर रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, त्यांनी ती वेगळी ओळखून ठेवा. ती गाठ होऊन पक्षाघाताचा झटका येऊ नये म्हणून असते, डिगॉक्सिन ते काम करत नाही. डिगॉक्सिन थांबवायला सांगितली म्हणजे ती दुसरीही थांबवायची, असं नाही.

दिवस गेले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा, पण घाबरून गोळी बंद करू नका. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही डॉक्टर ही गोळी देतात. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो, त्या वेळी मनाने औषध सोडणं बाळालाही बाधतं.

जेवण तुटणं आणि मळमळ यांच्याबद्दल बोललेच. त्याशिवाय उलट्या, जुलाब, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं, दिव्याभोवती पिवळी-हिरवी कडी दिसणं, धूसर दिसणं, म्हाताऱ्या माणसाने एकाएकी बरळणं किंवा माणसं न ओळखणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. माणूस बेशुद्ध पडला, छातीत दुखायला लागलं, नाडी ५० च्याही खाली गेली, किंवा पोराने खेळता खेळता ही गोळी तोंडात टाकली, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. लहान मुलाला एकदोन गोळ्याही घातक ठरू शकतात. घरच्या घरी मीठपाणी पाजून उलटी करवू नका. गोळ्यांचा डबा फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवायचा. देव्हाऱ्याजवळ पोरांचा हात पोचतो.

दवाखान्यात जाताना नाडीची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि शेवटची डिगॉक्सिन किती वाजता दिली तो वेळ लिहून घेऊन जा. रक्तातलं डिगॉक्सिनचं प्रमाण तपासतात ते गोळी घेतल्यावर किमान सहा तासांनी रक्त काढलं तरच खरं कळतं. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी बरोबर घेऊन निघा, आणि रक्त दिल्यावर, डॉक्टरांना विचारून, तिथेच पाण्याबरोबर द्या.